मखरवाल्याची फळी

आमच्या उर्वीनं पहिल्यांदा सांगितलं की तिला समुद्रात फळीवर उभं राहायला शिकायचंय, तेव्हा मी विचारलं होतं, "फळी कशाला? कमरेएवढ्या पाण्यात नुसतंही उभं राहता येतं." तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. डोंगराएवढी लाट आणि तिच्यावरून घसरत येणारा एक उघडाबंब माणूस. मी म्हटलं, छान आहे, पण हा गृहस्थ लालबागला राहत नाही.

मी शामराव परब, लालबागलाच राहतो. चौतीस वर्षं चिंचपोकळी स्टेशनाजवळच्या गाळ्यात थर्माकोलची मखरं केली. महाल केले, देवळं केली, मोर केले. एकदा फणसवाडीतल्या एका डॉक्टरांना त्यांच्याच बिल्डिंगचं मखर करून दिलं, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. प्रत्येक मखराच्या मागे पेन्सिलनं लिहायचो, 'शामराव परब, लालबाग', आणि खाली साल. मग सात वर्षांपूर्वी सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. बंदी योग्यच होती, गटारं तुंबायची त्यानं. पण योग्य गोष्टीचाही माणसाला राग येतोच. लोक म्हणाले, पुठ्ठ्याची मखरं करा. मी म्हटलं, पुठ्ठा कापायला शाळेतली पोरंही चालतील. थर्माकोल कापायची माझी तापती तार गुंडाळून माळ्यावर टाकली आणि त्यानंतर कौसल्येच्या स्वयंपाकातल्या चुका काढत बसलो. कौसल्या माझी बायको. तिला विचाराल तर ती म्हणेल, बंदी थर्माकोलवर नव्हे, ह्या माणसाच्या तोंडावर आणायला हवी होती.

उर्वी दादरच्या एका तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. चार वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर कर्नाटकात गेली आणि लाटेवर उभं राहायला शिकून आली. येताना एक जुनी, लांबलचक शिकाऊ फळी घेऊन आली, जी आमच्या गॅलरीत शेजाऱ्यांच्या डोक्याला लागते. यंदा तिला आखूड फळी हवी होती. शॉर्टबोर्ड म्हणतात तिला. लांब फळी बेस्टच्या बससारखी, पाहिजे तिथे वळतच नाही, अशी तिची तक्रार. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिच्यासारखे दहा-बारा वेडे दादर चौपाटीवर जमणार होते. त्यानंतर समुद्र खवळतो, कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत, आणि पावसाळा सरला की दादरला लाटच उरत नाही. तो एक रविवार हुकला की वर्ष हुकलं.

रविवारला तीन आठवडे होते तेव्हा तिला कुणीतरी आपली आखूड फळी एक दिवस वापरायला दिली. संध्याकाळी घरी आली ती चेहरा पाडून.

"काय झालं गं?"

"सहा लाटा आल्या बाबा, सहाच्या सहा माझ्या खालून निघून गेल्या. मी आपली जागच्या जागी."

"मग पोहायला कमी पडलीस."

"मी कमी नाही पडले! फळीच चुकीची होती. पातळ, टोकदार, पुढून एवढी वर वळलेली. ती मोठ्या लाटेची फळी आहे. आपल्या दादरच्या लाटेत जोरच नाही. इथे रुंद पाहिजे, जाड पाहिजे, सपाट पाहिजे. निदान तेहेतीस लिटरची."

"लिटर? फळी आहे की दूध?"

मग तिनं समजावलं की फळी किती वजनाचा माणूस तरंगवेल ते लिटरवर ठरतं. मोबाइलवर पंधरा फळ्या दाखवल्या. जी तिला हवी तशी होती ती रविवारपर्यंत पोचणार नव्हती, आणि जी पोचणार होती ती परत तसलीच टोकदार. तिचे डोळे भरून आले. एवढी मोठी मुलगी, दिवसभर तीस पोरांवर ओरडते, आणि फळीसाठी रडते! मला तिचा राग आला आणि माझाही आला, कारण मला काही करता येत नव्हतं.

"आत काय असतं ह्या फळीच्या?" मी उगाच विचारलं.

तिनं एका मोडक्या फळीचा फोटो मोठा करून दाखवला. वर काचेसारखं कवच, आत पांढरेशुभ्र दाणे. मी चष्मा पुसला. परत बघितलं.

"अगं, हा थर्माकोल आहे."

"फोम आहे बाबा."

"तू मला शिकवू नकोस. चौतीस वर्षं नाकातोंडात गेलाय तो माझ्या. घट्ट दाण्याचा थर्माकोल आहे हा!"

त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवला नाही. उठलो आणि माळ्यावरून तार काढली. कौसल्या म्हणाली, "आता ह्यां काय? घरात होडी बांधतास की काय?" मी म्हटलं, होडीच समज.

आमच्या धंद्यात जागा बघितल्याशिवाय मखराला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं, पण माप घ्यायचं ते जागेचं. म्हणून मी तीन दिवस सकाळी दादर चौपाटीवर जाऊन बसलो, वही घेऊन. लोक मॉर्निंग वॉक करत होते, मी लाटा मोजत होतो. दादरची लाट माझ्या मेहुण्यासारखी आहे. लांबून येताना मोठा आव आणते आणि कामाची वेळ आली की बसते. जिथे ती उभी राहते तिथून मी मोजायला सुरुवात करायचो. एक, दोन, तीन... सहा मोजेपर्यंत खलास, नुसता फेस. तीन दिवसांत एकही लाट सातपर्यंत गेली नाही. उर्वी बरोबर सांगत होती. असल्या लाटेवर टोकदार फळी म्हणजे लंगड्या घोड्याला रेसचं खोगीर.

वहीत लिहिलं: लांबी साडेपाच फूट. रुंदी एकवीस इंच, जाडी अडीच इंच. पुढचं नाक थोडंसंच वर, बाकी सपाट. उर्वीनं माप बघितलं, मोबाइलवर काहीतरी हिशेब केला आणि माझ्याकडे बघतच राहिली. "चौतीस लिटर," ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, जागा बघितली.

पुढच्या कामात मी तिला फिरकू दिलं नाही. मखर पुरं होईपर्यंत गिऱ्हाईकाला दाखवायचं नसतं, हा माझा नियम, मग गिऱ्हाईक पोटची पोर का असेना. शिवाय तिचे उन्हाळी वर्ग सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होते. शीतगृहांच्या भिंती बांधणाऱ्या एका जुन्या ओळखीच्याकडून घट्ट थर्माकोलचा ठोकळा आणला. मधोमध लाकडाची पातळ पट्टी चिकटवली. दोन्ही बाजूंना प्लायचे नमुने लावले, तार तापवली आणि एका दमात ओढली. कापलेला थर्माकोल अलगद सुटून आला, तेव्हा मी गाळ्यात एकटाच मोठ्यानं "शाब्बास!" म्हणालो. माझं मलाच.

वरचं कवच चढवायला राजरत्नकडे गेलो. राजरत्न कांबळे वरळीच्या बीडीडी चाळीतला, परळला फायबरच्या मूर्ती करतो. त्यानं केलेली बुद्धमूर्ती बघितली की आपला आवाज आपोआप खाली येतो, असा हात आहे त्याचा. त्यानं फळी बघितली, खूश झाला.

"काका, साधं रेझिन नाही चालणार. थर्माकोल खाऊन टाकतं ते."

"ते मला सांगतोस? एपॉक्सीचं काढ."

"काढतो. आणि फिनिश दोन्ही साइडने सेम मारू ना?"

"छे रे. वरची बाजू काचेसारखी कर. खाली एक हात पुरे, कोण बघतंय?"

त्यानं फळी उलटीपालटी करून बघितली, पण मी वयानं मोठा, माझं ऐकलं. वरच्या बाजूवर मी स्वतः सोनेरी वेलबुट्टी काढली, नाकावर कमळ काढलं. त्यावर त्यानं असा थर दिला की वाकून बघितलं तर स्वतःचा चेहरा दिसावा. खालच्या बाजूला फायबरचं कापड दिसत होतं, रेझिनचे ओघळ तसेच होते. शेपटीकडे वळण्यासाठी तीन पात्या लागतात, त्या स्क्रूनं बसवायची सोय मात्र नीट केली. तेवढं उर्वीनं चारचारदा बजावलं होतं.

शनिवारी सकाळी फळी घरी आणली, भिंतीला टेकवून उभी केली आणि वर कौसल्येचं जुनं पातळ टाकलं. उर्वी चहा घेत होती. मी पातळ ओढलं.

ती किंचाळली. मला मिठी मारली, कमळावरून हात फिरवला, आईला हाका मारल्या. "साडेपाच फूट! आणि कडा बघ ना आई, कडा बघ!" मग तिनं फळी उचलली आणि उलटी केली.

तिनं ओघळांवरून बोट फिरवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पाण्याला ही बाजू लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे खालची बाजू गुळगुळीत लागते. ह्याच बाजूवर फळी पळते. आणि वरच्या बाजूवर मी उभी राहते, तिथे पाय घसरून चालत नाही. तिथे मेण घासून खरखरीत करतात." तिनं ओठ दाबून धरले होते, पण राहवलं नाही, फुटलीच. "तुम्ही फळीचं मखर केलंत, बाबा!"

कौसल्याही हसायला लागली, पदर तोंडात धरून. दोघी हसत होत्या आणि माझी कानशिलं तापत होती. चौतीस वर्षं मी मागची बाजू भिंतीला लावत आलो. भिंत असणार असंच धरून चाललो होतो. समुद्राला भिंत कुठली? मी पायांत चपला सरकवल्या, फळी काखेत मारली आणि निघालो. उर्वी मागे धावत आली, "बाबा, रागावलात?" मी म्हटलं, "होय. पण तुझ्यावर नाही."

राजरत्ननं मला दारात बघितलं, काखेतली फळी बघितली आणि काही न विचारता पॉलिशपेपरचा गठ्ठा काढला. भला माणूस. दुसरा असता तर म्हणाला असता, मी तेव्हाच विचारलं होतं. आम्ही पात्या सोडवल्या. ओघळ तासले. आधी जाड पेपर, मग बारीक, मग एपॉक्सीचा थर, मग मेच्या उन्हात गच्चीवर ठेवून वाट बघायची. शेवटचा थर बाकी असताना तो म्हणाला, "काका, नाव टाका की. वरून थर मारतो, मरेपर्यंत जाणार नाही."

मी कानावरची पेन्सिल काढली. सवयीनं लिहिलं, शामराव परब, लालबाग. खाली साल. फक्त ह्या वेळी अक्षर जरा मोठं आलं. संध्याकाळी सहाला ओल्या पॉलिशपेपरनं शेवटचा हात फिरवला, तेव्हा खालची बाजू वरच्या बाजूहून गुळगुळीत झाली होती.

घरी आलो तर उर्वी मेणाची वडी हातात घेऊन बसलेली. कमळावर घासायचा तिला धीर होईना. "इतकं सुंदर आहे, खराब होईल," म्हणाली. मी तिच्या हातातली वडी घेतली आणि स्वतः घासलं, वेलबुट्टीवर, कमळावर, सगळीकडे, चांगलं खरखरीत होईपर्यंत. वाईट वाटलं का? वाटलं. पण पोर घसरून पडण्यापेक्षा बरं.

रविवारी सकाळी भरतीच्या वेळी आम्ही दादरला पोचलो. राजरत्नही आला होता. मी वरच्या कठड्याशी उभा राहिलो, तिथून लाटा मोजायला सोपं. कौसल्या बाजूला, हातात डबा.

पहिली लाट आली. उर्वी हात मारत राहिली आणि लाट तिच्या खालून निघून गेली. दुसरीला ती उठली, एक पाय ठेवला, आणि उलटी पडली. "गेलां," कौसल्या पुटपुटली. मी म्हटलं, "गप्प बस गं," आणि कठडा घट्ट धरला. चुकलं असेल माझं, रुंदी चुकली असेल, नाहीतर नाकच जास्त सपाट झालं असेल. सात वर्षं हात बंद होता, चुकणारच. असलं काय काय डोक्यात येत होतं.

तिसरी लाट बरीचशी मेहुण्यासारखीच होती. उर्वीनं चार हात मारले आणि फळी एकदम पुढे सटकली, लाटेच्याही पुढे. ती उठली. दोन्ही पाय वेलबुट्टीवर. मी मोजायला लागलो, मोठ्यानं, लोक वळून बघत होते तरी. चार, पाच, सहा. सहाला लाट बसली, नुसता फेस झाला, पण फळी थांबली नाही. सात! उर्वीनं कमरेतून वळण घेतलं. आठ! फळी तिच्या मनात होतं तिकडे वळली. नऊ मोजलं तेव्हा ती वाळूजवळ येऊन पाण्यात उडी मारत होती आणि दोन्ही हात वर करून आमच्याकडे ओरडत होती. काय ओरडत होती ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी रडत होतो, सांगायला लाज कसली? राजरत्ननं माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की माझा चष्मा नाकावरून घसरला.

बारा वाजेस्तोवर तिनं अकरा लाटा घेतल्या. बाकीच्या वेड्यांनीही आळीपाळीनं फळी मागून घेतली. मग ती आमच्याकडे यायला निघाली, फळी डोक्यावर आडवी घेऊन. मेणाची बाजू केसांना टेकलेली, आणि पाण्यानं चकाकणारी खालची बाजू सरळ आभाळाकडे. वर कठड्याशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ती दिसत होती. ती कठड्याखाली पोचली तेव्हा टोपी घातलेल्या एक बाई, वॉकला आलेल्या, वाकून बघायला लागल्या.

"शामराव परब, लालबाग," त्यांनी सावकाश वाचलं. मग आमच्याकडे वळल्या. "हे कुठलं दुकान हो? माझ्या मुलाला अशीच हवीय."

मी चष्मा पुसायला लागलो. कौसल्येनं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला, पदर नीट केला आणि मान वर करून म्हणाली, "दुकान नाय ता. घोव असा माझो."