लाल चिंधीचं हँडल

लढाईच्या दिवसांत रेल्वेच्या वॅगनी फौजेकडे गेल्या आणि वाशीमच्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गठाणी लॉरीनं अकोल्याला जाऊ लागल्या. कोणती लॉरी कोणी न्यायची, हे उत्तमराव मुनीम ठरवायचा. लॉऱ्या सुरू करायची लोखंडी हँडलं तो आपल्या गादीमागं खुंट्यांना टांगून ठेवी. सकाळी ड्रायव्हर ओट्यावर उकिडवे बसले, की एकेक हँडल ज्याच्या पायाशी टाकी, त्याची त्या दिवशी ती गाडी. हातात देत नसे. हातात द्यायला थोडं वाकावं लागतं, आणि उत्तमरावाचं सगळं वाकणं मालकासाठी राखून ठेवलेलं होतं.

लाल चिंधी गुंडाळलेलं हँडल निघालं, की सगळे पाय आखडून घेत. त्या लॉरीचा ब्रेक मनात आलं तर लागे. गेला महिनाभर ते हँडल जगदेवच्याच पायाशी पडत होतं, कारण त्यानं चारचौघांत तोंड उघडलं होतं.

"मुनीमजी, बिरेक दुरुस्त करून घ्या. पातूरच्या घाटात गाडी थांबत नाई."

"थांबवतं कायले? अकोला खालीच हाय. आपोआप पोचतं."

"एखाद्याचा जीव जाईन."

"एखाद्याचा म्हंजे तुहाच. बाकीच्याईनं काहून रडावं?"

बाकीचे हसले. हसायला काही पैसे पडत नव्हते. आधीच्या ड्रायव्हरच्या वेळी जगदेवही असाच पोटभर हसला होता.

संध्याकाळी तो एकटा गेला, बायकोनं लावलेली कोवळी वांगी घेऊन. उत्तमरावानं वांगी ठेवून घेतली आणि हिशेब सांगितला. "नवा गडी आला अन् त्यानं कुरकुर न करता नेली, तर तू सुटला. त्यानं नाई म्हटलं, तर पुन्हा तूच."

नवा गडी आला तो पोहरादेवीकडचा भाऊसिंग. स्टिअरिंग धरायला त्याला जगदेवनंच शिकवलं होतं, म्हणून तो त्याला काका म्हणे. लाल चिंधी त्याच्या पायाशी पडली. त्यानं हँडल उचलून कपाळाला लावलं.

"काका, तुमीच चालवत होते ना हे? कशी हाय?"

उत्तमराव पानाला चुना लावत होता. त्यानं भाऊसिंगकडे पाहिलं नाही, जगदेवकडे पाहिलं.

जगदेवनं मनात तराजू धरला. एका पारड्यात हा पोरगा, दुसऱ्यात उद्याचा घाट, परवाचा घाट, तेरवाचा. पोराचं पारडं खाली हललंसुद्धा नाही.

"जुनी हाय," तो म्हणाला. "घाटात दमानं घेजो."

अर्धं खरं सांगितलं, असं त्याला वाटलं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी लगेच माफीही मिळाली, त्याची त्यालाच. उत्तमरावानं दुसरं एक चांगलं हँडल त्याच्या पायाशी टाकलं. महिन्यात पहिल्यांदा त्यानं पाय आखडले नाहीत.

घाटात जगदेव आपल्या लॉरीत मागंच होता. पुढची लॉरी वळणावर हळू व्हायला हवी होती, ती झाली नाही. भाऊसिंगनं ती डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून दरीत गेली नाही. आडवी झाली. गठाणी रस्त्यावर, आणि दाराखाली त्याचा उजवा पाय. जगदेवनं रस्त्यावरच्या मजुरांना हाका मारून त्याला ओढून काढलं, डोकं मांडीवर घेतलं. गुडघ्याखाली पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पातूरहून तार गेली. मालकाच्या मोटारीतून उत्तमराव आला, पोलीस जमादाराला सोबत घेऊन. आधी गठाणी पाहिल्या. एकही फुटली नव्हती, तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर दया आली.

"जमादारसाहेब, महिनाभर हे गाडी या जगदेवनं चालवली. बिरेक कसा होता, त्यालेच इचारा."

जगदेवला कळलं. खराब होता म्हणावं, तर पोराला सकाळी काहून सांगितलं नाही? आणि उद्यापासून कुठलंच हँडल नाही.

"चांगला होता," तो म्हणाला.

मांडीवरचं डोकं हललं. भाऊसिंगनं डोळे उघडले होते.

"काका म्हणते तर चांगलाच असन," तो म्हणाला. "माह्याच पायानं दगा देल्ला."

जमादारानं तसंच लिहून घेतलं आणि शिसपेन्सिल कानावर ठेवली.

"जगदेव," उत्तमराव म्हणाला, "आधी गठाणी भर तुह्या गाडीत. जागा राह्यली तर याले घे."

जगदेवनं आपला फेटा सोडला, त्याची घडी करून दगडावर ठेवली, तिच्यावर भाऊसिंगचं डोकं टेकवलं. मग तो मजुरांबरोबर गठाणी लोटायला गेला.