दोन हिसके

सकाळी कॉफीचा कप लिबोरियोच्या उजव्या हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. कपाचं काय एवढं! पण आज दुपारी त्याच हाताने त्याला नातीचा दोर धरायचा होता.

बॉस्टनच्या त्या इटालियन गल्लीत माडोनाची, म्हणजे मेरीमातेची, मिरवणूक आली की, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पंख लावलेली एक मुलगी कप्पीच्या दोराला लटकून भर रस्त्यावर येते आणि मूर्तीसमोर प्रार्थना म्हणते. आत दोर सांभाळायचा मान कित्येक वर्षं लिबोरियोचा. कोळ्याचा मुलगा तो, दोर त्याच्या रक्तातच होता. यंदा देवदूत होती त्याची नात नुंझिया, आणि यंदाच हाताने दगा दिला. महिनाभर त्याने कुणाला ताकास तूर लागू दिला नव्हता. सांगितलं की दोर जाणार, आणि मग आपण कोण?

खिडकीत नुंझियाचे पट्टे आवळून झाले. आजोबाला ती इटालियनमध्ये नोन्नो म्हणे.

"नोन्नो, दोराला दोन हिसके बसले की बोलायचं ना?"

"दोनच. त्याआधी तोंड उघडलंस तर बघ!"

बँडचा आवाज जवळ आला. लिबोरियोने मूठ वळून पाहिली. वळेना. शेजारी नुंझियाचा बाप डेसमंड उभा होता. तो आयरिश, नळदुरुस्तीवाला. लग्न झाल्यापासून सासऱ्याने त्याला या दोराला बोटही लावू दिलं नव्हतं.

"घे," लिबोरियो पुटपुटला.

"काय?"

"दोर, जावईबापू! माझी बोटं मिटत नाहीयेत."

"पप्पा, आणि हे आत्ता सांगताय?"

"एवढे बटाटे खाऊन वाढलास, ते कधी कामाला यायचे? भिंतीला पाय लाव. हळू सोड."

बाहेर तोंड करून बसलेल्या नुंझियाला बँडच्या गोंगाटात यातलं काही कळलं नाही. रिकाम्या हातांनी मागे उभं राहणं लिबोरियोच्याने होईना. तो जिना उतरून गर्दीत घुसला.

नुंझिया बाहेर आली. तो तिच्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर दोरावर खिळलेली. दोर एकसारखा सरकत होता. मूर्तीसमोर ती थांबली, बँड थांबला. गल्ली चिडीचूप.

नुंझियाचं तोंड बंद.

"विसरली बिचारी," एक बाई म्हणाली.

लिबोरियोने कपाळावर हात मारला. हिसके! डेसमंडला हिसक्यांचं सांगितलंच नव्हतं. पोरगी काही विसरली नव्हती, आजोबाचा शब्द पाळत होती. ती आता मान वळवून खिडकीकडे बघू लागली, तसा दोर झोके खाऊ लागला.

"नुंझिया! खाली बघ, खाली!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

तिने पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"नोन्नो! मग दोर कुणाकडे आहे?"

सगळी गल्ली त्याच्याकडे वळली.

"तुझ्या बापाकडे!" तो म्हणाला. "माझ्याहून घट्ट धरलाय त्याने!"

आणि न मिटणारा तो हात वर करून त्याने हवेतच दोन हिसके दिले.

नुंझियाने डोळे मिटले, उघडले आणि प्रार्थना सुरू केली. आजवर लिबोरियोने देवदूतांच्या पाठीच पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा चेहरा समोर होता, पण डोळे असे भरून आले की तो त्याला धड दिसलाच नाही.