थर्मोकोलची वाटी

नशीब हा शब्द कुणी काढला की माझं टाळकं सटकतं. इंदिरानगरला अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो मी. वर्गात कुणी "सर, त्याचं नशीब" म्हणालं की खडू फेकून मारतो.

माझा भाचा अमोल माझ्याच वर्गात शिकला. आदळलेली वस्तू थांबायला जितका जास्त वेळ, तितकं बल कमी, हे मी त्याला घोटून घोटून शिकवलं. डोकं पाच किलोचं, वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणजे संवेग पंचवीस. हेल्मेटमधला थर्मोकोल दबत दबत सेकंदाच्या शंभराव्या भागात डोकं थांबवतो, तर सरासरी बल अडीच हजार न्यूटन. नुसतं कवच असेल तर वेळ पाचवा हिस्सा, बल पाचपट. हे गणित त्यानंच फळ्यावर सोडवलं होतं, गाढवानं!

रविवारी सकाळी तो सिन्नरहून मोटरसायकलवर माझ्याकडे निघाला. वाटेत टेम्पोचा धक्का लागला आणि तो डोक्यावर पडला. मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसानं हेल्मेट आणि पिशवी हातात दिली. हेल्मेटला साधी चीर नव्हती. आत हात घातला, तर थर्मोकोलच नाही. तो पिशवीत निघाला, वाटीसारखा उताणा, आणि त्यात फडक्यात गुंडाळलेली गावरान अंडी. एकही फुटलं नव्हतं. असा संताप आला की वाटलं, भिंतीवर आपटावीत सगळी. मेल्या, तुला एवढीही अक्कल नव्हती?

तेवढ्यात लता आली, माझी बहीण, अमोलची आई. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझ्या हातातली वाटी तिनं पाहिली.

"मीच बांधली रे ती अंडी, तुझ्यासाठी. कानटोपी घातली की हेल्मेट बसत नव्हतं त्याला, मग आतलं ते काढलं मी. सकाळची थंडी लय हाय ना. कान दुखायचे त्याचे."

मी वाटी अंड्यांसकट परत पिशवीत ठेवली.

"दादा, हेल्मेट घातलं होतं ना त्यानं? तूच म्हणायचास, हेल्मेट असलं की काय होत नाय. मग माझं पोर कसं गेलं? तू मास्तर हायेस, सांग की!"

उत्तर मला तोंडपाठ होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"नशीब गं, लते," मी म्हणालो.