गॅलरीचं कापड

दुपारचं ऊन गॅलरीत थेट हिच्या खुर्चीवर यायचं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उन्हात बसायला मनाई केली होती, पण खुर्ची आत घ्यायला ही तयार नव्हती. समोरच्या मैदानातली मुलं बघणं हाच हिचा विरंगुळा. शेवटी मी पडदेवाल्याला घरी बोलावलं.

"काकू, ही काळी जाळी. ऊन अडतं आणि मैदानही दिसतं. हे दुसरं जाड कापड, यातून मात्र काहीच दिसत नाही."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," ही म्हणाली. "आत काय चाललंय, पत्ता लागत नाही."

पडदेवाला खळखळून हसला. मी एकेक तुकडा तिच्यासमोर धरू लागलो. आधी जाळी धरली.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

मग जाड कापड धरलं. मैदानातून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"यातूनही दिसतं की! मुलं खेळताहेत बघा."

पडदेवाला काही बोलणार, तोच मी मानेनेच नको म्हटलं. ऑपरेशन छान झालं, सगळं लख्ख दिसतं, असं ती महिनाभर सगळ्यांना सांगत होती. मलाही.

"मग कुठलं घेऊ?" मी विचारलं.

"तुम्हाला आवडेल ते."

"जाळीच लावा," मी पडदेवाल्याला म्हणालो. "हिला मैदान दिसायला हवं."