डावीकडचा बँड

जिममध्ये माणसं स्वतःचं वजन थोडं कमी करून सांगतात आणि उचललेलं थोडं वाढवून. हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, पण कुणी कुणाकडे त्याचा हिशेब मागत नाही. जुन्या छापखान्याच्या जागेतल्या या जिमचे मालक मात्र मागत. त्यांना सगळे सर म्हणत. कुणी अर्ध्यातूनच बार वर नेला, की ते खुर्चीतून म्हणायचे, "हा धरला नाही." माणूस हिरमुसायचा, पण पुढच्या खेपेला बार छातीला लावायचा.

सरांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि जिम मुलीच्या हाती आली. मुलगी वजन उचलण्याच्या स्पर्धांमधली. सर तिला चारचौघांत 'बबडे' म्हणून हाक मारत आणि ती दाराएवढे खांदे वळवून "ओ" देत असे. खांदा बरा झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. सर म्हणाले, ते खांद्यानं सांगू दे. बेंचवर झोपून बार सरळ वर जाईपर्यंत आपण कुणाला काही शिकवायचं नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तेव्हापासून ते खुर्चीत बसत आणि काही बोलत नसत. लोकांना बोलणी खाल्ल्याशिवाय चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. मुलीला तर फारच. घरी सर टीव्ही बघत, तोही आवाज बंद करून, आणि ताटातलं निम्मं तसंच ठेवून उठत.

मुलीनं तोड काढली. बेंचभोवतीच्या लोखंडी रॅकच्या वरच्या दांड्याला दोन रबरी बँड टांगले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि बारची दोन टोकं त्यांत अडकवली. बार छातीशी आला की बँड सगळ्यात जास्त ताणले जातात. म्हणजे खांदा जिथे घाबरतो, नेमके तिथेच ते हात देतात. वर जाताना सैल पडतात आणि वजन हळूहळू माणसाच्या हवाली करतात. दोन्ही बाजूंना आडवे दांडे असे लावले, की बार पेलेनासा होऊन सरांनी पाठीची कमान सोडली, छाती खाली घेतली, तर बार दांड्यांवर टेकावा, त्यांच्यावर नाही. चढवताना आधी वजनाच्या प्लेटा, मग बँड. उतरवताना आधी बँड, मग प्लेटा. उलट केलं तर हलका झालेला बार वर उसळतो. हे सगळं तिला सरांनीच शिकवलेलं. तरी ते पाहुण्यासारखे मान डोलावत ऐकत होते.

पहिल्याच दिवशी बार डावीकडे कलला.

"डावा बँड ढिला आहे," सर उठून बसत म्हणाले.

"असेल," मुलगी म्हणाली.

शेजारच्या बाकावर दातांचे डॉक्टर डंबेल्स मांडीवर घेऊन बसले होते. हा गृहस्थ व्यायामापेक्षा विश्रांती मन लावून करायचा. "अदलाबदल करून बघा की," ते म्हणाले. "डावा उजवीकडे लावा. बार तिकडे कलला तर दोष बँडचा. मिटलं."

चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळाचं काम. पण सरांना एकाएकी तहान लागली आणि मुलीला काउंटरवर कुणीतरी आल्यासारखं वाटलं. काउंटरवर कुणी नव्हतं. दाढ काढायची म्हटल्यावर माणसं कशी भलतंच बोलू लागतात, हे डॉक्टरांनी जन्मभर पाहिलेलं. त्यांनी विषय पुन्हा काढला नाही.

सरांचं कारण उघड होतं. बँडवर संशय आहे तोवर खांदा निर्दोष. मुलीचं कारण तिचं तिलाच माहीत. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं एकच प्लेट आधी एका बँडला टांगली, मग दुसऱ्याला, आणि ती कुठवर उतरते तिथे रॅकवर खडूनं खूण केली. दोन्ही खुणा एकावर एक आल्या. तिनं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या आणि घरी जाऊन सांगितलं, "बँडच असणार बाबा. नवे मागवते."

सर त्या दिवशी पोटभर जेवले. टीव्हीचा आवाजही लावला. एका थापेत एवढं पदरात पडल्यावर कुणीही दुसरी मारली असती. तिनंही मारली. बँड वाटेत अडकलेत. मग, आले होते पण जाडी चुकली, परत पाठवले.

सरांना मात्र धीर निघेना. एका सकाळी मुलगी कुणाच्या तरी कमरेचा पट्टा आवळून देत होती. वळून बघते तर सर बेंचवर आडवे, हात बारवर, आणि डावीकडे एकाच्या जागी दोन बँड. दुसरा जुना, राखाडी पडलेला.

"बाबा, थांबा."

"अगं, डाव्याला जोड दिली नुसती. आता बघ कसा सरळ जातो."

"हात काढा आधी."

त्या आवाजात सरांनी स्वतःचा आवाज ओळखला असावा. त्यांनी हात काढले. तिनं तिन्ही बँड सोडवले आणि जुना बोटांत दुमडला. घडीवर बारीक चिरा उघडल्या. तो खिडकीजवळच्या कपाटावर उन्हात पडलेला असायचा. बार छातीशी असताना हा तुटला असता, तर डावं टोक खाली आलं असतं आणि रबर थेट तोंडावर.

"चीर दिसली की कात्री, असं तुम्हीच सांगता ना?"

"दिसली होती मला," सर म्हणाले. "म्हटलं, नवे येईपर्यंत चालवू."

मुलीनं बँड बेंचच्या कडेला ठेवला.

"नवे येणार नाहीत. मी मागवलेच नाहीत."

"का?"

"हे दोन्ही सारखेच आहेत. प्लेट टांगून बघितलं मी."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

शेजारच्या बाकावर दातांच्या डॉक्टरांचे डंबेल्स हवेतच राहिले. सर बेंचवर उठून बसले. डावा खांदा उजव्या हातानं चोळत राहिले.

"तुम्ही जेवायला लागला होतात," मुलगी म्हणाली. तिची हनुवटी आत ओढली गेली, लहानपणी इंजेक्शनच्या आधी जायची तशी.

"बबडे, मी बारखाली झोपतो तेव्हा मला काय दिसतं? छत आणि तू. छताला मी काही विचारत नाही."

"चुकलं माझं."

"माझं तुझ्याहून जास्त चुकलं. कात्री आण."

तो बँड सरांनी स्वतः कापला, चांगले चार तुकडे करून. मग प्लेटा उतरवायला लावल्या. बँड नाही, वजन नाही, नुसता बार. आडवे दांडे होते तिथेच. "डाव्या टोकाखाली दोन बोटं धर," ते झोपत म्हणाले. "उचलायचं नाही. किती येतंय तेवढं सांग."

बार छातीला लागला, वर निघाला. अर्ध्यावर डावं टोक रेंगाळलं आणि तिच्या बोटांवर येऊन बसलं.

"किती?"

"थोडंसं..." ती म्हणाली. मग म्हणाली, "बरंच, बाबा. बोटं पांढरी झाली."

सरांनी बार हुकांवर ठेवला. डावा खांदा एकदा फिरवून घेतला. मग पुन्हा हात वर केले. "या वेळी बोलत राहा."

"आहे," ती सांगू लागली. "आहे. अजून आहे. आता तर वाढलं."

खाली सरांना हसू फुटलं, तसा बार डगमगला. तिनं दुसरा हातही खाली घातला.

"हसू नका, पडेल."

"मग जरा गोड बोल की."

"गोड बोलून झालं आठवडाभर."

बार अजून कललेलाच होता. तो तसाच पेलत सरांनी मान किंचित वळवली. आरशात त्यांना काहीतरी खटकलं होतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "कोपर आत घ्या. आणि आमच्याकडे काय बघताय, आरशात बघा."