कुळथाचं पाणी

सन बासष्टला सोलापूरच्या दवाखान्यात यांचं एक मूत्रपिंड काढलं. लोहाऱ्याला परतताना एसटीत हे मला म्हणाले, "मुतखडा होता. गेला."

पुन्हा कूस दुखायला लागली, तशी म्या रोज कुळीथ उकळून पाणी पाजलं. त्यानं खडा विरघळतो म्हणतात. कुळीथ बैलाचं खाणं, असं म्हणणारा हा माणूस, पण आठ महिने पेला रिकामा करून म्हणायचा, "आज जरा बरं वाटतंय." गूळ-शेंगदाण्याच्या शेंगापोळीवर यांचा लई जीव. पथ्य म्हणून ती म्या बंद केली.

हे गेल्यावर पेटीत डॉक्टरची चिठ्ठी सापडली. शेजारच्या दत्तोपंत मास्तरांकडनं वाचून घेतली.

"शांताक्का, खडा नव्हताच. रक्तातल्या पेशींची कॅन्सरची गाठ होती. अशी गाठ बहुधा हाडात होते, मूत्रपिंडात लाखात एखाद्याला. पसरली होती, इलाज नव्हता. डॉक्टरनं हे त्यांना तेव्हाच सांगितलं होतं."

म्या कुळथाचं मडकं अंगणात आपटलं. अहो, मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

शेवटच्या सोमवारी तुम्ही शेंगापोळीचा एक तुकडा मागितला. म्या दटावलं, "खडा वाढंल." तुम्ही हसलात, आन् कुळथाचा पेला तोंडाला लावलात.