आपोआप थांबणारी गाडी

हिरा माझी धाकटी जाऊ. रत्नागिरीतल्या मासळीच्या गोदामात आम्ही दोघी खोकी लावायच्या कामावर होतो.

मागे एका गड्याचं पाऊल खोकी उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीखाली चेचलं, तेव्हा कुठे मालकाला जाग आली. त्याने गाडीच्या पाठीला सेन्सरचा डोळा बसवून घेतला. रिव्हर्स येताना मागे माणूस आला की गाडी आपोआप थांबायची. सुरुवातीला आम्ही बिचकायचो, मग सवय झाली. बायका मुद्दाम आडव्या जायच्या आणि गाडी थबकली की खिदळायच्या. मी ओरडायचे, ‘अगो बायांनो, यंत्र आहे ते. नवरा नाय तुमचं ऐकायला!’ हिरा सगळ्यांत जास्त हसायची.

दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा झाली. हिराने स्वतः ओवलेला झेंडूचा हा भलामोठा हार ओमकार ड्रायव्हरने गाडीच्या पाठीला बांधला. झालं. हार डोळ्यासमोर हलायचा, आणि मागे कुणी नसताना गाडी पावलापावलावर अडायची. दाराशी कंटेनर खोळंबलेला. मी सरळ हाराला हात घातला.

हिराने माझं मनगट धरलं. ‘वैनी, आजच्या दिवशी हार काढतात काय? सुकू दे तरी.’

‘बरोबर बोलते ती,’ आत्माराम सुपरवायझर म्हणाला. ‘अपशकुन नको. तुम्ही आत जावा, आम्ही बघतो काय ते.’

आम्ही आत खोकी बांधायला बसलो. थोड्या वेळाने गाडी न अडता फिरल्याचा आवाज यायला लागला. कंटेनरपाशी माणूस कमी पडला म्हणून हिराला हाक आली. ती गेली आणि मागोमाग तिची किंकाळी ऐकू आली.

धावत गेले तर हिरा गाडी आणि भिंतीच्या मध्ये चिरडलेली. हार जागच्या जागी होता. ओमकार जमिनीवर बसला होता. ‘काकी, डोळा बंद केला होता. आत्मारामभाऊ बोलले, आजच्यापुरता बंद ठेव.’

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. आत्मारामची कॉलर धरून मी विचारलं, ‘बंद केलात ते बायकांना सांगायला तुमची जीभ झडली होती काय?’ त्या क्षणी त्याचा जीव घ्यावासा वाटला मला, खोटं कशाला बोलू.

हिराचे दोन्ही पाय गुडघ्यावरून कापावे लागले. ती शुद्धीवर आली तेव्हा उशाशी मीच होते. राहवेना म्हणून विचारलं, ‘मागे वळून बघितलं नाहीस काय गो?’

‘बघितलं ना वैनी,’ ती म्हणाली. ‘गाडी येताना दिसली. बाजूला व्हायला जागा पण होती. म्हटलं, थांबेल. म्हणून मी हललेच नाय.’